दुसरा डाव

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दहा दिवस वाईला जाऊन राहिले होते. दर दोन तासांनी थेंब, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही आणि इतक्यात वाचायचं नाही. बाकी सगळं तिने ऐकलं, पण वाचायचं नाही हे काही तिला मानवेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तरी दुपारी दोन ते चार हातात पुस्तक नसलं तर दिवस बुडाला असं तिला वाटतं. ग्रंथालयातून बदलून आणलेलं पुस्तक उशाशी पडलं होतं. "तू वाच मोठ्यानं, मी ऐकते. तेवढ्यात शेंगा होतील," ती म्हणाली. माघ महिना, पावटा भरात आलेला. मांडीवर ताट, डाव्या हाताला शेंगांचा ढीग, उजवीकडे टरफलांसाठी जुना पेपर आणि डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा. शेंगा सोलायला तिला डोळे लागत नाहीत. अंगठ्याचं नख शिरेवर टेकलं की शेंग उकलते, दाणे ताटात पडतात, आणि एखादा किडका असला तर तो बोटांनाच कळतो आणि बाजूला जातो.

पुस्तक होतं 'याज्ञसेनी'. प्रतिभा राय यांची १९८४ सालची ओडिया कादंबरी, मराठी अनुवादातून आपल्याकडेही पुष्कळांनी वाचलेली. हिमालयाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी, मागे वळून न पाहता पुढे गेलेले पाच नवरे, आणि तिथे पडल्या पडल्या तिने कृष्णाला सांगितलेली आयुष्याची सगळी हकीकत. मी कॉलेजात असताना ती वाचली होती आणि मैत्रिणींना आग्रह करकरून वाचायला लावली होती. आईच्या हातात मात्र ती आत्ता पहिल्यांदाच पडत होती. पहिली दोन पानं झाली असतील, तिने मला थांबवलं.

"कोण बोलतंय हे?"

"द्रौपदी."

"स्वतः?"

"हो."

"आणि कुणाशी?"

"कृष्णाशी."

ती दोनतीन शेंगा सोलेपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला तर सगळं माहीतच असणार." आणि थोड्या वेळाने, "असू दे. काही काही गोष्टी माहीत असलेल्यालाच सांगता येतात. वाच पुढे."

आईचं महाभारत तिच्या माहेरच्या ओसरीवरचं. तिथे चातुर्मासात श्रीधरांचा पांडवप्रताप लागायचा. आजोबा वाचायचे, बायका वाती वळत ऐकायच्या. त्या पोथीत काय आणि कीर्तनात काय, द्रौपदीबद्दल नेहमी दुसरंच कुणीतरी बोलत असतं. मुळातसुद्धा वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि तेच सौती पुन्हा नैमिषारण्यातल्या ऋषींना सांगतो. एवढ्या सगळ्या पुरुषांच्या तोंडून फिरून आलेली बाई आता 'मी' म्हणून बोलायला लागली, याचं आईला पहिले दोन दिवस फार अप्रूप वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ती तिच्याशी भांडायला लागली. "एवढं नसती गं बोलली ती," असं मधूनच म्हणायची. किंवा, "हे तिच्या मनात आलं असेल, पण असं धडधडीत वाक्य होऊन नाही यायचं." मी कादंबरीची बाजू घेऊन सांगायचे की अगं, लेखिकेने तिच्या मनातलंच तर लिहिलंय. त्यावर तिचं म्हणणं, मनातलं असं ओळीने नसतं.

चौथ्या दिवशी द्यूताचं प्रकरण आलं. माझा आवाज आपोआप खाली गेला. हा प्रसंग आपण कितीदा ऐकला-पाहिलेला असतो! कीर्तनकार पट्टी चढवतात, दूरदर्शनवर तो भाग लागला होता तेव्हा आमच्या आळीत ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि बायका पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आईला त्रास होईल, डोळ्यातून पाणी आलेलं चालणार नाही. मी एकदा तिच्याकडे पाहिलंसुद्धा. पण तिचे हात एका लयीत चालले होते. दुःशासनाने केस धरले, भीष्म म्हणाले धर्म सूक्ष्म असतो, कौरवांतला एकटा विकर्ण उठून बोलला आणि त्याला गप्प बसवलं गेलं. टक् करून शेंग उकलण्याचा आवाज एकदाही चुकला नाही. अपशकुन झाले, धृतराष्ट्र घाबरला, त्याने सुनेला वर माग म्हटलं. तिने पहिला वर मागितला तो युधिष्ठिराच्या सुटकेचा, आपल्या मुलाला कुणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्यात उरलेले चौघे, त्यांचे रथ आणि शस्त्रं. तिसरा वर तिने नाकारला. क्षत्रिय स्त्रीला दोनच, असं म्हणून. बुडणाऱ्या पांडवांना पांचाली नाव होऊन पैलतीराला घेऊन गेली, असं तेव्हा कर्णसुद्धा म्हणतो. सगळे सुटले. रथ जोडले, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले.

मी पान उलटलं, आणि शेंगांचा आवाज थांबला.

"आता मागून बोलावणं येणार," आई म्हणाली. "बोलावणं येणार आणि हा परत जाणार खेळायला. मिट ते पुस्तक."

तिच्या हातात अर्धी उकललेली शेंग तशीच होती. मी म्हटलं, अगं थोडंच राहिलंय प्रकरण. ती म्हणाली, "नको. चहा टाक." ताट बाजूला सरकवून, भिंतीला हात लावत ती ओट्यावर जाऊन बसली आणि चहा निवेपर्यंत नुसती रस्त्याकडे तोंड करून बसून राहिली. काळ्या चष्म्यातून तिला त्या उतरत्या उन्हात काय दिसत होतं कोण जाणे. घाटावर कृष्णाबाईच्या उत्सवाचा मांडव पडला होता. आपल्याकडे नदीला बाई म्हणायचं, तिची मूर्ती मांडवात बसवायची, तिची ओटी भरायची. तिथल्या कर्ण्यावरून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. द्रौपदीचं एक नाव कृष्णाच, हे मला त्या वेळी उगाचच आठवलं.

वस्त्रहरण तिने निवांत ऐकलं आणि सुटका झाल्यावर मात्र तिला पुढे ऐकवेना. हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या डावाबद्दल आपण बोलतच नाही. सभापर्वात त्याला स्वतःचं नाव आहे, अनुद्यूतपर्व. पण कीर्तन वस्त्रांच्या राशीपाशी संपतं, चित्रं तिथवरचीच निघतात, रागावणाऱ्यांचा रागही तिथेच संपतो. त्यानंतरचा वनवास आपल्याला ठाऊक असतो, पण तो कशाने आला हे कुणाला विचारलं तर बहुतेक जण पहिल्याच डावाचं नाव सांगतील. खरं तर पहिल्या डावातलं सगळं तिने परत मिळवलेलं होतं. राज्यसुद्धा धृतराष्ट्राने परत दिलं होतं. पांडव वाटेत असताना मागून निरोप येतो, अजून एकदा खेळायला या. एकच डाव, बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास एवढाच पण. आणि युधिष्ठिर म्हणतो, यातून नाश होणार हे मला कळतंय, पण थोरल्यांची आज्ञा आहे, ती मला मोडवत नाही. पहिल्या वेळी त्याला खेळाचा नाद होता, तो भान हरपून एकेक लावत गेला, असं म्हणून त्याला सोडून देता येतं. दुसऱ्या वेळी तो पूर्ण शुद्धीवर आहे. रथ वळवायला सांगतो तेव्हा ती त्यातल्याच एका रथात बसलेली असणार. त्या वळणावर तिने काही म्हटलं का, तिच्याकडे कुणी पाहिलं का, व्यासांनी एक ओळही दिलेली नाही.

आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या. तिच्या आईने लग्नात घातलेल्या, जुन्या घडणीच्या, कडेला बारीक दाण्यांची ओळ असलेल्या. त्यांच्यामध्ये हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. सकाळी ती भाकरी थापायला लागली की परातीवर हाताचा थप थप आवाज आणि त्यामागून पाटली-बांगडीचा एक बारीक किणकिणाट यायचा. मी त्या आवाजाने जागी व्हायचे. डोळे न उघडता मला कळायचं की कितवी भाकरी चालली आहे, कारण शेवटच्या भाकऱ्यांना ती घाई करायची. १९८३ साली, मी चौथीत असताना, तो आवाज बदलला. नुसती थाप आणि काच. थोरल्या काकांनी साताऱ्यात लेथ मशीन घ्यायचं ठरवलं होतं, कर्जाला पैसे कमी पडत होते, आणि बाबांनी आईला विचारून, समजावून, पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. हे 'विचारून' मी मुद्दाम लिहिते आहे. पहिल्या वेळी विचारलं होतं. तिने हो म्हटलं होतं आणि स्वतःच्या हाताने, साबण लावून, त्या उतरवल्या होत्या. मनगटावर दोन फिकट पट्टे कितीतरी दिवस दिसत होते.

त्या तिनेच सोडवून आणल्या. बाबा हायस्कुलात शिक्षक, पगारात घर चालायचं तेवढंच. ती रात्री आमची जेवणं झाली की पायमशीनवर बसायची. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल. तिच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. त्यात डावीकडे तारीख, मध्ये 'फॉल', 'ब्लाउज, अस्तराचा', आणि उजवीकडे दोन रुपये, सात रुपये. दर महिन्याला एक मोठा आकडा वजा होई आणि त्याच्यापुढे 'व्याज'. एकोणीस महिने. दिवाळीच्या आधी एक दिवस ती दुपारची एकटीच सराफाकडे गेली आणि मी शाळेतून आले तेव्हा आमटी ढवळत होती, हातात पाटल्या. मी तिच्या कमरेला मिठी मारून त्या गालाला लावून पाहिल्या होत्या. गार होत्या आणि त्यांना फोडणीचा वास येत होता.

मग वैशाखात मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. आईने कपाट उघडून डबा काढला. रोजच्या कामात झिजतात म्हणून तेव्हा ती पाटल्या सणालाच घालायला लागली होती. डब्यात सराफाचा गुलाबी कागद होता, घडी घातलेला. उलगडला तर आत काही नव्हतं. बाबा मागे दारात उभे होते. ते म्हणाले, "दादांचा निरोप आला होता. फेब्रुवारीतच दिल्या. तुला सांगणार होतो." थोडं थांबून म्हणाले, "दादांना नाही कसं म्हणायचं?" आई काही बोलली नाही. तिने तो गुलाबी कागद पुन्हा जुन्याच घड्यांवर दुमडला, प्रत्येक घडीवरून नख फिरवलं, डब्यात ठेवला, डबा कपाटात ठेवला. मग वळून विचारलं, "जेवायला वाढू?"

त्यानंतर त्या पाटल्या घरी आल्या नाहीत.

बाबा वाईट माणूस होते का? अजिबात नाही. गावात कुणीही सांगेल, सर म्हणजे देवमाणूस. कधी खोटं बोलले नाहीत, कुणाच्या पोराची फी अडली तर स्वतःच्या खिशातून भरायचे, आईशी उंच आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. मी त्यांची फार लाडकी होते आणि आजही त्यांचा चष्मा माझ्या टेबलाच्या खणात आहे. म्हणून हे लिहिताना माझा हात अडखळतो. दुर्योधनाला नावं ठेवणं सोपं असतं. पण धर्मराजाला काय म्हणायचं, आणि ते कुणी म्हणायचं? बाईच्या बाजूने लिहिलेली पुराणकथा वाचताना माझ्या मनात खरा गोंधळ होतो तो इथे. जिच्यावर अन्याय झाला तिच्या बाजूने उभं राहताना, ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

सभेत द्रौपदीने, तिला न्यायला आलेल्या प्रातिकामी नावाच्या सेवकाकरवी, जो प्रश्न पाठवला तो किती नेमका आहे! आधी स्वतःला हरलास की मला? म्हणजे जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? पुण्यात भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती केली, तिचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. त्या आवृत्तीत द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मूळ संहितेतून बाहेर गेला. पुढच्या काळात कुणीतरी भक्तीने घातलेला, असा निवाडा झाला. तिचा प्रश्न मात्र जागचा हलला नाही. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हरखून गेले होते. मदतीची हाक नंतरची आणि प्रश्न आधीचा.

पण त्याच सुमारास इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचनात आलं आणि मी हिरमुसले. १९६७ सालचं पुस्तक, मराठीतल्या इतक्या मोठ्या बाईने लिहिलेलं, आणि त्यांचं म्हणणं असं की द्रौपदीने तो प्रश्न विचारून चूकच केली. इतकं भयंकर घडत असताना कायद्याचा काथ्याकूट करत बसण्यापेक्षा तिने क्षत्रियधर्माची आण घालून दया मागायला हवी होती. मी विशीत होते, मला फार राग आला होता. पुढे तो राग कमी झाला तरी ते पटलं मात्र नव्हतं. या वेळी, पुस्तक मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी, थेंब घालताना मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, तिने तो प्रश्न विचारला ते तुला कसं वाटलं? आई उताणी पडून होती, थेंब आत जावा म्हणून डोळा मिटलेला. म्हणाली, "बरोबरच होता की प्रश्न. पण तिथे उत्तर देईल असं होतं कोण? सगळे खाली बघत बसलेले." आणि मग, "प्रश्न विचारला की उत्तर काय येतंय त्याची वाट बघावी लागते, बाई. मला ती नको वाटायची." पहिल्यांदाच ती द्रौपदीकडून स्वतःकडे आली होती, आणि तिच्या ते लक्षात आलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. मी डोळ्याखालून ओघळलेला थेंब कापसाने टिपला.

त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक काढून ती लाल वही शोधली. कागद पिवळे पडलेत, पण शाई शाबूत आहे. दिवाळीच्या आधीच्या पानावर शेवटचं व्याज वजा करून खाली एकच शब्द आहे, 'सुटल्या', आणि त्याखाली दोन रेघा. मी पुढची पानं उलटत गेले. फेब्रुवारी, मार्च, वैशाखातलं ते लग्न. आहेराची साडी आहे, एसटीचं तिकीट आहे, दूध, वाण्याची उधारी, माझी सहामाहीची फी आहे. पाटल्या कुठेच नाहीत. जी वस्तू जाताना तिला कुणी सांगितलं नाही, ती तिने हिशेबात धरलीच नव्हती. शिवणाचे पैसेही त्यानंतर येतच राहिले आहेत, फक्त उजवीकडे वजा होणारा आकडा नाही. वनपर्वात सत्यभामा द्रौपदीला विचारते की पाच नवरे तुझ्या मुठीत कसे राहतात, तेव्हा द्रौपदी आपल्या दिवसाचं जे वर्णन करते त्यात एक वाक्य येतं, की पांडवांच्या सगळ्या संपत्तीची जमा आणि खर्च मी एकटी जाणत होते. कोशाची, दासदासींची, पाहुण्यांच्या पंक्तींची सगळी माहिती तिच्या डोक्यात. मी ट्रंकेपुढे बसून होते आणि मला सारखं वाटत होतं, जिला पै न् पै ठाऊक होती, तिलाच न विचारता ती सगळी पटावर मांडली गेली.

आपल्याकडच्या बायकांनी द्रौपदीच्या गोष्टीत आपल्या पदरचं पुष्कळ घातलं आहे. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सख्खी बहीण सुभद्रा चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीने अंगावरचा भरजरी शालू टर्कन फाडला, ही गोष्ट व्यासांची नाही, पण ती आपल्या भाऊबिजेत आहे, ओव्यांत आहे. जांभूळ आख्यान तर विठ्ठल उमपांनी घरोघरी पोचवलं. त्यात द्रौपदी सगळ्यांसमोर कबूल करते की पाचांखेरीज कर्णही मनात येऊन गेला, आणि ते खरं बोलल्यावरच झाडापासून सुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागतं. म्हणजे 'याज्ञसेनी'तल्या द्रौपदीच्या मनात कर्णाला जागा आहे यात आपल्या लोकांना नवल वाटायचं कारण नव्हतं. आईला मी हे सांगितलं तर तिला जांभळात फारसा रस वाटला नाही. चिंधीपाशी मात्र ती रेंगाळली. "शालू तिचा स्वतःचा होता म्हणून तिला फाडता आला," ती म्हणाली. "सुभद्रेचा काय, सासरचा असेल. विचारायला लागलं असतं." मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकते आहे, सुभद्रा कंजूष आणि द्रौपदी मनाची मोठी असंच धरून. सुभद्रेच्या बाजूने बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटचे तीन आठवडे ते दवाखान्यात होते. एका पहाटे मी आणि आई दोघी तिथे होतो. मी बाकावर डोळे मिटून पडले होते, झोप लागलेली नव्हती. बाबांनी आईला हाक मारली. त्यांना धाप लागायची, शब्द सुटे सुटे यायचे. "तुझ्या पाटल्या राहिल्या," ते म्हणाले. आईने त्यांच्या छातीवरची चादर सारखी केली. "आता कुठे काढता ते," म्हणाली. ते पुन्हा म्हणाले, "राहिल्याच." तीसएक वर्षं त्यांनी ते मनात वागवलं होतं तर. मला रडू आलं, पण ते बाबांसाठी आलं की आईसाठी, हे तेव्हाही समजलं नव्हतं. महाप्रस्थानात द्रौपदी पहिली पडते, भीम विचारतो ही का पडली, आणि युधिष्ठिर चालता चालताच सांगतो की हिचा अर्जुनाकडे ओढा जास्त होता म्हणून. थांबत नाही. इरावतीबाईंनाही ते सोसलं नसावं. त्यांनी आपल्या लेखाच्या शेवटी स्वतःच्या कल्पनेने भीमाला मागे फिरवून तिच्याजवळ आणलं. प्रतिभाताईंनी तिला कृष्णाशी बोलायला दिलं. त्या बर्फात तिला तसंच टाकून पुढे जायला या दोघींचं मन झालं नाही. मी काही लेखिका नाही. माझ्याजवळ त्या पहाटेचं ते एक 'राहिल्याच' आहे, आणि ते खरंच बोललं गेलं होतं.

आईला मी विचारलं नाही की त्या उत्तराने तुला काय वाटलं. दुसऱ्या वेळी सोडवायला तू का गेली नाहीस, हेही नाही विचारलं. तिला तेव्हा तिशीच्या शेवटी असताना रात्री मशीनवर बसता आलं असतंच, ती बसतच होती. कदाचित वरांसारखंच असेल, दोन मागून झाले होते. किंवा पुन्हा सोडवल्या तर पुन्हा निरोप येईल, हे तिला तिथेच दिसलं असेल. मला वाटतं एवढंच मी लिहू शकते.

पुस्तक पाच दिवस तसंच पडून होतं. मधे थेंबांचं अंतर चार तासांवर आलं, मी भांडीधुणी, स्वयंपाक आणि तिच्या मैत्रिणींचे चहा यांत गुंतले. पावटा संपला आणि दारावर आलेल्या बाईकडून आईने पुन्हा दोन किलो घेतला. मी परत निघायच्या आदल्या दुपारी ती ताट घेऊन तिच्या जागी बसली आणि म्हणाली, "आण ते पुस्तक."

मी खुणेचं पान काढलं. अनुद्यूताचंच.

"ते नको," ती म्हणाली. "ते माहीत आहे. अरण्यातलं काढ. तिथे ती बोलते ना त्याला?"

बोलते. द्वैतवनात ती युधिष्ठिराला धारेवर धरते, वनपर्वातलं ते बोलणं मला फार आवडतं. तुला राग कसा येत नाही, असं विचारते. विधाता माणसांना लाकडी बाहुल्यांसारखं हलवतो आणि चांगल्याला दुःख, वाइटाला सुख देतो, हा कुठला न्याय, असं म्हणते. तो म्हणतो, तू नास्तिकासारखं बोलते आहेस. ती बोलायची थांबत नाही. हे सगळं कुठे शिकली तेही सांगते, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलं म्हणून. कादंबरीत वनवास पुढे होता, तो भाग मी शोधून काढला. पण त्याआधी, आईने विचारलंच होतं म्हणून, मूळ पर्वातलं हे बोलणं मला आठवतं तसं मी तिला आधी सांगून टाकलं आणि मग वाचायला घेतलं. उशीर झाला होता, साडेचारच्या थेंबांची वेळ होत आली होती, बॅग भरायची होती. मी भराभर वाचत होते. आई सोलायची थांबली नव्हती, पण शेंग हातात घेऊन उकलायला तिला वेळ लागत होता. काळा चष्मा तिने कपाळावर सरकवला होता. डाव्या डोळ्याची लाली उतरली होती आणि तो डोळा उजव्यापेक्षा लखलखीत दिसत होता. ती थेट माझ्या ओठांकडे बघत होती.

"हळू वाच," ती म्हणाली. "तिला बोलू दे."